एक लक्ष ठोक्यांचा हिशेब

आपल्या गावांतील वडीलधाऱ्या मंडळींना नाडी पाहणारे वैद्य अजून आठवत असतील. रोग्याच्या मनगटावर तीन बोटे टेकून, डोळे मिटून ते काही वेळ स्वस्थ बसत आणि मग बोलत. नाडी मिनिटाला किती पडते एवढेच ते मोजीत नसत, तर ती चालते कशी हे पाहत. शार्ङ्गधराच्या संहितेत नाडीच्या चालीला जळू, सर्प, बेडूक, हंस अशा जिवांच्या गतीच्या उपमा दिलेल्या आहेत. त्या उपमांवरून केलेले निदान कितपत खरे उतरत असे, हा वाद निराळा. त्यात मी पडत नाही. परंतु ठोक्यांच्या संख्येपेक्षा त्यांच्या चालीत अधिक काही दडलेले असते, एवढी गोष्ट त्या जुन्या माणसांनी हेरली होती, आणि अर्वाचीन वैद्यकाला ती आकड्यांनिशी सिद्ध करावयास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर एक सूक्ष्म विद्युत्प्रवाह देहात पसरतो. हॉलंडमधील लायडन येथे विलेम आइंथोवेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तो नीटपणे टिपून घेणारे यंत्र सिद्ध केले. ते सुमारे २७० किलो वजनाचे होते व चालवावयास पाच माणसे लागत. ह्या कार्याबद्दल त्यांना १९२४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे अमेरिकेतील नॉर्मन होल्टर यांच्या मनात आले, की माणूस पलंगावर निजला असता त्याचे हृदय कसे चालते हे आपण पाहतो. पण तो जिना चढतो, भांडतो, जेवतो, झोपतो तेव्हा ते कसे चालते? त्यांचे पहिले यंत्र सुमारे ३८ किलोचे होते आणि ते पाठीवर बांधून हिंडावे लागे. आज तेच काम आगपेटीएवढी डबी करते. दिवसरात्र ती छातीवर राहिली, की सुमारे एक लक्ष ठोक्यांची नोंद तिच्यात जमा होते.

ही डबी मी प्रथम पाहिली ती सुरतेस, माझ्या थोरल्या मावसभावाच्या छातीवर.

दादा पंचवीस वर्षांपूर्वी वसई सोडून सुरतेस गेले आणि उधन्याच्या एका कापड कारखान्यात हिशेबनीस म्हणून राहिले. उधना, लिंबायत, दिंडोली ह्या भागांत धुळे, नंदुरबार, जळगावकडील इतकी कुटुंबे वस्तीला आहेत, की रस्त्यात गुजरातीइतकीच मराठी, किंबहुना अहिराणी, कानी पडते. महानगरपालिकेच्या मराठी शाळाही तेथे आहेत. आणि सर्वांवर पसरलेला असतो तो यंत्रमागांचा खडखडाट. प्रथम तो सोसवत नाही. चार दिवसांनी तो ऐकूच येत नाही. आणि वीज गेली, की त्याच्या थांबण्याने माणूस दचकतो.

सन २०१८ च्या पावसाळ्यात दादांना हृदयविकाराचा झटका आला. वय अठ्ठावन्न. बंद पडलेली रक्तवाहिनी डॉक्टरांनी उघडली व तीत जाळी बसविली. मी पोहोचलो तेव्हा ते उठून बसत होते, आणि नर्सबाई त्यांच्या छातीवर चिकटपट्ट्या लावून ती डबी जोडीत होत्या. सोबत एक वही दिली होती. कोणत्या वेळी काय केले ते तीत लिहावयाचे. दादा पडले हिशेबनीस. त्यांनी ती वही अशी लिहिली, की पाहणाऱ्याला खतावणी वाटावी. ‘६ वाजून १० मिनिटे, चहा, बिनसाखर, नाराजीने.’ ‘७ वाजून ३०, रोझरी, वहिनीसह.’ (‘वहिनी’ हा शब्द माझा, त्यांनी नावच लिहिले होते.)

दुसऱ्या दिवशी डॉक्टरसाहेब कागद घेऊन आले, तेव्हा वहिनींनी त्यांना एकच प्रश्न विचारला. “ह्यांना घरी नेल्यावर पुढे काय होईल, ते ह्या कागदावर लिहिलेले आहे का?”

डॉक्टर गुजराती, त्यांनी वहिनींना तिकडच्या रीतीप्रमाणे ‘बेन’ म्हटले आणि खुर्ची ओढून घेतली. उभ्याउभ्या उत्तर देण्याजोगा हा प्रश्न नाही, हे त्या गृहस्थांनी ओळखले, याचे मला बरे वाटले.

वहिनींची भीती कोणती, ते आधी सांगावयास हवे. झटक्यातून वाचलेला माणूस घरी येतो, चालतो, हसतो, आणि काही दिवसांनी वा महिन्यांनी बोलता बोलता कोसळतो, अशा घटना आपल्यापैकी पुष्कळांच्या ऐकण्यात आहेत. त्याचे कारण बहुधा असे असते. झटक्यात हृदयाच्या स्नायूचा जो भाग मरतो, त्या जागी व्रण राहतो. व्रणातून विद्युत्प्रवाह सरळ जात नाही. आपल्या खाडीत गाळाचा उंचवटा झाला, की भरतीचे पाणी त्याला वळसा घालून जाते आणि मागल्या बाजूने भोवरा धरते, तद्वतच हा प्रवाह व्रणाभोवती फिरू लागतो आणि एकदा का तो तेथेच गरगरू लागला, की हृदयाची नेहमीची आज्ञा कोणी मानीत नाही. ठोके भराभर पडू लागतात, आणि पुढची पायरी म्हणजे हृदयाचे नुसते थरथरणे. गायनवृंदातील प्रत्येक गायकाने आपापला सूर व आपापला ताल धरावा, तसे ते होते. प्रत्येक स्नायुतंतू हलत असतो, पण रक्ताचा एक थेंबही पुढे सरकत नाही. काही सेकंदांत शुद्ध हरपते, आणि काही मिनिटांत सारे आटोपते.

हा भोवरा उठण्यापूर्वी त्याची चाहूल एक लक्ष ठोक्यांच्या नोंदीत लागते काय, हा प्रश्न गेली पन्नास वर्षे जगभरच्या वैद्यांनी धरून ठेवलेला आहे. त्यांतील एक उत्तर फार नवलाचे आहे. आपली समजूत अशी, की निरोगी हृदय घड्याळासारखे चालते. ते खरे नव्हे. निरोगी हृदयाच्या दोन ठोक्यांमधील अंतर सतत थोडे कमीजास्त होत असते. श्वास आत घेतला की ठोके किंचित जलद पडतात, सोडला की मंदावतात; झोपेत एक चाल, जिन्यावर दुसरी. मेंदूकडून येणाऱ्या मज्जातंतूंचा लगाम हृदयावर आहे, याचीच ती खूण. झटक्यानंतर हा लगाम ढिला पडला, की हृदय एकाच ठेक्याने चालू लागते. यंत्रमाग तसा चालावा, हृदय तसे चालू नये.

रॉबर्ट क्लायगर व त्यांचे सहकारी यांनी १९८७ साली झटक्यातून वाचलेल्या ८०८ रुग्णांच्या दिवसभराच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन ठोक्यांमधील अंतर सरासरीपासून किती ढळते, हे त्यांनी सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजले. ज्यांचे हे ढळणे ५० हून कमी, त्यांच्यात मृत्यूचा धोका १०० हून अधिक असणाऱ्यांच्या पाचपटीपेक्षाही जास्त आढळला. दादांचा आकडा ६२ होता, म्हणजे ना इकडचा ना तिकडचा. हिशेबनिसाला असला आकडा आवडत नाही; त्यांनी तो दोनदा विचारून घेतला.

रोझरीच्या नोंदीपाशी मात्र डॉक्टरांचे बोट थांबले. त्या अर्ध्या तासात ठोक्यांमधला चढउतार चांगला दिसत होता. त्यांना त्याचे आश्चर्य वाटले नाही. इटलीतील लुचियानो बेर्नार्दी यांनी २३ निरोगी माणसांकडून लॅटिन भाषेतील ‘नमो मरिया’ व एक बौद्ध मंत्र म्हणवून घेऊन त्या वेळचे त्यांचे ठोके तपासले होते. तो अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. दोन्ही जपांत श्वास आपोआप मिनिटाला सुमारे सहावर येतो, आणि त्या लयीत हृदयाचा चढउतार वाढतो असे त्यांस आढळले. वहिनींचा चेहरा उजळलेला पाहून डॉक्टरांनी लगेच जोडले, की ती माणसे निरोगी होती, आणि ह्यावरून जपाने झटक्यानंतरचा धोका टळतो असे कोणी सिद्ध केलेले नाही. वहिनी म्हणाल्या, “आम्ही काही त्यासाठी म्हणत नाही.”

आता माझ्या पुतण्याची गोष्ट. दादांचा हा मुलगा त्या वेळी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होता, आणि योगायोग असा, की हृदयाच्या नोंदी संगणकाकडून वाचवून घेणे हाच त्याच्या अभ्यासाचा विषय होता. अमेरिकेतील बॉस्टन शहरातल्या एका रुग्णालयात १९७५ ते १९७९ ह्या काळात घेतलेल्या ४८ नोंदी आहेत, एकेक अर्ध्या तासाची, एकंदर ४७ माणसांच्या. १९८० पासून त्या अभ्यासकांना मिळू लागल्या. त्या माणसांत २३ वर्षांची तरुणी आहे, ८९ वर्षांचे वृद्ध आहेत. त्यांच्या हृदयाचा तो अर्धा तास जगातल्या सहस्रावधी विद्यार्थ्यांनी पुन्हा पुन्हा वाचला आहे. त्यांतला एक आमचा, सुरतेत, यंत्रमागांच्या खडखडाटात. त्या लोकांना याची कल्पनाही नसेल, असा विचार माझ्या मनात येऊन गेला.

दुसरा एक संग्रह आहे, तो अधिक गंभीर. तो २३ रुग्णांचा आहे, आणि त्या रुग्णांच्या छातीवर डबी असतानाच त्यांच्या हृदयात तो भोवरा उठला होता. पुतण्याने ह्या २३ नोंदी व १८ निरोगी माणसांच्या नोंदी संगणकापुढे ठेवल्या, आणि घटनेच्या काही मिनिटे आधीच कोण कोणत्या गटातला हे त्याचा संगणक जवळजवळ अचूक सांगू लागला. तो फार आनंदात होता. वडिलांची नोंद त्याच संगणकाकडून वाचून घ्यावी, असे त्याच्या मनाने घेतले, आणि तसे तो डॉक्टरांजवळ बोललाही.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी विचारले, “ती १८ माणसे कोण?” पुतण्याने पाहून सांगितले, की पाच पुरुष व तेरा स्त्रिया, कोणीही पन्नाशीच्या पुढे नाही. “आणि ती २३?” बहुतेक उतारवयाची, हृदयरोगाने आधीच जर्जर. डॉक्टर म्हणाले, “मग तुझ्या संगणकाने तरुण निरोगी बाई आणि म्हातारा आजारी पुरुष यांत फरक केला. तो तर दारातून आत येताना मलाही कळतो. माझ्यापुढे रोज येतात ते सगळे तुझ्या वडिलांसारखे. एकाच वयाचे, एकाच रोगाचे. त्यांतला कोणता जाणार, हे सांगणारा संगणक कर. मी तो विकत घेईन.”

मुलगा वरमला, पण रागावला नाही. खरे म्हणजे तेथून त्याचा अभ्यास सुरू झाला, असे मला वाटते.

आपल्या वाचकांपैकी अर्नाळा, पाचूबंदर अशा कोळीवाड्यांतील मंडळींना ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाही. वादळाची सूचना आली, की बंदरावर धोक्याचा बावटा चढतो. बावटा खोटा नसतो. परंतु कोणती होडी बुडणार, हे तो सांगत नाही, आणि बावटा चढलेल्या बहुतेक दिवशी बहुतेक होड्या सुखरूप परत येतात. उलट, निरभ्र दिवशीही एखादी होडी जाते. समजा, झटक्यातून वाचलेल्या हजार लोकांपैकी तिसांच्या हृदयात वर्षभरात तो भोवरा उठणार आहे. नोंदी तपासून दोनशे जणांवर बावटा लावला, आणि त्या तिसांपैकी पंधराजण ह्या दोनशेंत सापडले. हे आकडे मी केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. बावट्याखालच्या लोकांना धोका इतरांपेक्षा चौपट झाला खरा. पण त्या दोनशेंतील एकशे पंच्याऐंशी जणांना काहीच होणार नाही, आणि उरलेले पंधराजण बावटा नसलेल्या आठशेंत निर्धास्त हिंडत असणार. वहिनींच्या प्रश्नाचे खरे उत्तर हेच होते, आणि ते एका पत्नीला सांगणे सोपे नव्हते.

बरे, धोका दिसला म्हणजे त्यावर उपाय करता येतो, असेही नाही. हा धडा वैद्यकाने फार मोठी किंमत देऊन घेतला आहे. झटक्यानंतर नोंदीत मधूनच येणारे चुकार ठोके दिसतात, आणि ज्यांच्यात ते अधिक, त्यांना धोका अधिक, हे पुष्कळ आधी कळले होते. तेव्हा चुकार ठोके औषधाने बंद केले, की माणूस वाचेल, इतके सरळ गणित. एन्केनाइड व फ्लेकेनाइड ही औषधे ते ठोके उत्तम रीतीने बंद करीत. अमेरिकेत ह्याची कसोटी घेतली गेली. औषध मिळालेल्या ७५५ रुग्णांपैकी ६३ दगावले. नुसती निरुपद्रवी गोळी मिळालेल्या ७४३ पैकी २६. कागद स्वच्छ झाला होता आणि माणसे अधिक मेली होती. १९८९ साली ह्या दोन औषधांची कसोटी मुदतीपूर्वीच थांबविण्यात आली. ती औषधे देणारे डॉक्टर अज्ञानी नव्हते. त्या काळच्या उत्तमांपैकी होते.

मग झटका देऊन हृदय ताळ्यावर आणणारे छोटे यंत्रच छातीत का बसवू नये? असे यंत्र मिशेल मिरोव्स्की यांच्या चिकाटीतून सिद्ध झाले आणि १९८० च्या फेब्रुवारीत प्रथम माणसाच्या देहात बसविले गेले. ज्यांचे हृदय जुन्या झटक्याने फार दुबळे झाले आहे, अशा १२३२ रुग्णांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. यंत्र नसलेल्यांपैकी शेकडा १९.८ दगावले, यंत्र असलेल्यांपैकी १४.२. म्हणजे उपयोग निश्चित आहे. आमच्या घरात हाच आग्रह सुरू झाला. खर्च काही लाखांचा. वहिनी वसईची वाडी गहाण टाकावयास तयार, दादा नाही म्हणत, आणि मी मध्ये.

ह्या वेळी डॉक्टरांनी जे सांगितले, ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. झटक्यानंतर सहा ते चाळीस दिवसांच्या आत, हृदय दुबळे आणि ठोक्यांचा चढउतार कमी अशा ६७४ रुग्णांवर हाच प्रयोग झालेला आहे. त्याचा निकाल २००४ साली आला. यंत्र बसविलेल्यांत अकस्मात थरथरीने होणारे मृत्यू १२, इतरांत २९. पण अन्य कारणांनी झालेले मृत्यू यंत्रवाल्यांत ५०, इतरांत २९. एकंदर बेरीज ६२ आणि ५८. यंत्राने आपले काम केले, आणि तरीही माणसे वाचली नाहीत. म्हणून चाळीस दिवस थांबावयाचे, औषधे चुकवावयाची नाहीत, आणि मग हृदय पुन्हा तपासावयाचे, असा नियम आहे. झटक्यानंतर हृदयाचे काही स्नायू मेलेले नसतात, मूर्च्छित असतात. ते जागे व्हावयास अवधी लागतो. निरोगी हृदय प्रत्येक ठोक्याला आपल्यातील निम्म्याहून अधिक रक्त बाहेर लोटते. दादांचे त्या आठवड्यात शेकडा ३४ लोटीत होते. पस्तीस ही साधारणपणे यंत्राची मर्यादा.

ते चाळीस दिवस वहिनींनी कसे काढले, ते त्यांनाच ठाऊक. रात्री त्या दादांच्या छातीवर हात ठेवून जागत. दादा कुशीवर वळले, की हातही वळे. सत्तेचाळिसाव्या दिवशी तपासणी झाली. आकडा ४३ निघाला. यंत्र बसविले नाही. वाडी राहिली.

पण हे सर्व रुग्णालयात पोहोचल्यानंतरचे झाले, आणि आपल्या देशात खरा घात होतो तो त्याआधी. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयाचे (हे आपल्या भारतीय बिशप परिषदेचे, १९६३ साली निघाले) डॉ. डेनिस झेवियर, डॉ. प्रेम पैस व त्यांचे सहकारी यांनी भारतातील ८९ रुग्णालयांतील २०,४६८ हृदयरुग्णांची पाहणी करून २००८ साली ती प्रसिद्ध केली. दुखणे सुरू झाल्यापासून रुग्णालय गाठेपर्यंतचा वेळ पाहिला, तर मधला आकडा ३६० मिनिटे निघाला. सहा तास! अर्ध्या लोकांना त्याहूनही उशीर. आणि त्या थरथरीचा सर्वांत मोठा धोका तर पहिल्याच तासाभरात असतो. बेलफास्टचे फ्रँक पँट्रिज यांनी हे ओळखून १९६६ साली झटका देणारे यंत्र रुग्णवाहिकेतच घातले आणि ते रुग्णाच्या दाराशी नेले. गुजरातेत १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २००७ पासून आहे, आपल्याकडे २०१४ पासून. दादांना मात्र शेजाऱ्याच्या रिक्षातून नेले होते. कोणाला क्रमांक आठवला नाही.

पुतण्या गेल्या नाताळात वसईस आला, तेव्हा त्याने आमच्या ओटीवर आळीतील दहाबारा जणांना गोळा केले. संगणकाचे नाव त्याने काढले नाही. माणूस कोसळला, हाकेला उत्तर देत नाही, श्वास धड नाही, तर १०८ ला कळवावयाचे आणि रुग्णवाहिका येईपर्यंत छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाबत राहावयाचे. पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. त्याने जाड उशी जमिनीवर ठेवून दाखविले. एक आजी म्हणाल्या, “अरे, एवढे दाबले तर बरगडी मोडेल की!” कधी कधी मोडते, असे त्याने सांगितले, आणि उशी त्यांच्यापुढे सरकविली.